कासव संवर्धनाच्या नावाखाली परदेशात झालेली फसवणूक

श्रीलंकेच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या विणीच्या हंगामात स्वयंसेवक म्हणून काम करण्याची संधी वाशीतील एका एजन्सीने देऊ केली. रात्रीची गस्त, घरट्यांची नोंद आणि पिल्ले समुद्रात सोडणे ही कामे माहितीपत्रकात स्पष्ट छापलेली होती, म्हणून मी विमानभाडे सोडून सव्वा लाख रुपये भरले.

प्रत्यक्षात तेथे गस्त नव्हतीच. रस्त्यालगतच्या त्या उबवणी केंद्रात पिल्ले सिमेंटच्या टाक्यांत दिवसेंदिवस ठेवलेली असत, पर्यटक तिकीट काढून ती हातात घेत आणि टाक्या धुणे हे आमचे मुख्य काम होते. श्रीलंकेत कासवांना व त्यांच्या अंड्यांना कायद्याचे संरक्षण असूनही केंद्रातील अंडी गावकऱ्यांकडून विकत घेतलेली होती.

पैशांपेक्षा मला या टाक्यांचे अधिक दुःख आहे. वाळूतून बाहेर आलेल्या पिल्लाच्या शरीरात बलकाचा थोडासा साठा शिल्लक असतो आणि त्याच्या बळावर ते पहिला दिवसभर जवळजवळ न थांबता पोहत, भक्षकांनी भरलेले उथळ पाणी ओलांडून खोल समुद्र गाठते. टाकीत ठेवलेले पिल्लू हीच शक्ती भिंतींना धडका देत संपवते, त्यामुळे पुढे ते समुद्रात सोडले तरी त्याच्या जगण्याची आशा कमी झालेली असते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने उभे केलेले काम मी पाहिले आहे. तेथे घरट्यातून वर आलेली पिल्ले सकाळ-संध्याकाळ लगेच समुद्राकडे सोडली जातात, आणि ती पाहायला आलेल्या माणसांना दोरीमागे उभे राहावे लागते.

परत आल्यावर एजन्सीने ‘रक्कम परत मिळणार नाही’ या अटीकडे बोट दाखवले आणि थोड्याच दिवसांत आपल्या संकेतस्थळावरून गस्तीचा उल्लेख काढून टाकला. सुदैवाने जुने माहितीपत्रक आणि पावती माझ्याजवळ होती.

असे पैसे भरण्यापूर्वी केंद्रातील अंडी कोठून येतात, पिल्ले किती वेळ ठेवली जातात आणि तेथील वन्यजीव संवर्धन खात्याची परवानगी आहे का, हे लेखी विचारावे. जेथे पिल्ले हाताळू देण्याचे किंवा फ्लॅश लावून छायाचित्रे काढू देण्याचे आमिष दाखवले जाते, तेथे संवर्धन होत नाही, असे माझे ठाम मत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मी ठाणे जिल्ह्यातच अर्ज केला आहे. याच पद्धतीने पैसे भरलेल्या इतरांनी आपापल्या पावत्या व संदेश जपून ठेवून स्वतंत्र तक्रार दाखल करावी, अशी माझी विनंती आहे.