माउंट मिचेल की कुवोही? आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर

शार्लट, रॅली किंवा अटलांटाकडच्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की ऑक्टोबरात हा विषय निघतोच. अ‍ॅपलेशियन डोंगर दाखवायचे, तर माउंट मिचेलला न्यायचं की स्मोकीजमधल्या (म्हणजे ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातल्या) कुवोहीला? (२०२४ पर्यंत ज्याला क्लिंगमन्स डोम म्हणायचे, तेच हे कुवोही. मित्रमंडळींच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे.) आम्ही दोन्हीकडे जाऊन आलोय, पाहुण्यांसकट आणि पाहुण्यांशिवायही.

उंचीवरून काही ठरत नाही. मिचेल ६,६८४ फूट, कुवोही ६,६४३. मिसिसिपीच्या पूर्वेला मिचेलपेक्षा उंच शिखर नाही, एवढं बाबांना सांगायला बरं वाटतं. गाडी दोन्हीकडे जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. दोन्ही माथ्यांवर स्प्रूस आणि फरचं सदाहरित जंगल आहे, त्यामुळे लाल-पिवळी पानं बघायला थेट शिखरावर गेलात तर वर सगळं हिरवंच दिसेल. त्यात मधूनमधून वाळून पांढरे पडलेले फर उभे असतात, युरोपातून आलेल्या एका बारीक किडीने मारलेले. रंग बघायचे ते वाटेवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वरच्या उतारांवर, आणि महिनाअखेरीस खाली नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल शहराच्या आसपास.

देखाव्यात कुवोही सरस आहे, हे मान्य करायला हवं. तिथला १९५९ चा काँक्रीटचा मनोरा झाडांच्या वर निघतो आणि चारी बाजूंना डोंगरांच्या रांगा दिसतात, एकीमागे एक, फिकट होत गेलेल्या. मिचेलवरचा दगडी कट्टा बुटका आहे. दिसतं तिथूनही लांबवर, पण तो भव्यपणा नाही. अर्थात वर ढग बसला असेल तर दोन्हीकडे सारखंच काही दिसत नाही, आणि ढग बऱ्याचदा बसतो.

माझं मत फिरलं ते शेवटच्या अर्ध्या मैलाने. कुवोहीच्या पार्किंगपासून मनोऱ्यापर्यंत डांबरी वाट आहे. कागदावर ‘अर्धा मैल, पक्का रस्ता’ वाचून आईला म्हणावंसं वाटतं, चल गं, सोसायटीत फेरी मारतेस तेवढंच. पण एवढ्याशा अंतरात ती वाट तीनशेहून जास्त फूट चढते आणि कुठे सपाट म्हणून होत नाही. जेजुरीच्या पायऱ्या परवडल्या, पायरीवर निदान पाऊल आडवं तरी टेकतं. इथे चढताना दम लागतो, तो बाकांवर बसत बसत निभावून नेता येतो. खरा त्रास उतरताना. आमच्या आईचे गुडघे त्या उतारावर जे बोलायला लागले, ते रात्री हॉटेलातही गप्प झाले नाहीत. तिने तक्रार केली नाही, पण दुसऱ्या दिवशीचा बेत आपोआप गळून पडला.

मिचेलला हाच शेवटचा टप्पा पाव मैलाचाही नाही. चढ तिथेही जाणवतो, पण सुरू होतो न होतो तोच संपतो आणि व्हीलचेअरही वर जाऊ शकते. कट्ट्याजवळ एलिशा मिचेलची कबर आहे. याच डोंगराची उंची पुन्हा पडताळायला आलेला हा प्राध्यापक १८५७ मध्ये इथल्या एका धबधब्यावरून पडून गेला. बाबा त्या कबरीपाशी देखाव्यापेक्षा जास्त वेळ थांबले.

बाकी हिशोब थोडक्यात. स्मोकीजमध्ये प्रवेश फुकट, पण गाडी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभी करायची तर टॅग लागतो, दिवसाचे ५ डॉलर. टॅग घेतला म्हणून जागा मिळेलच असं नाही. ऑक्टोबरच्या शनिवारी उशिरा गेलात तर नाहीच, असं धरून चाला. कुवोहीचा वरचा रस्ता १ डिसेंबरपासून ३१ मार्चपर्यंत बंद असतो. मिचेलला अशी ठरलेली तारीख नाही, पण तिथे जायचा रस्ता ब्लू रिज पार्कवे या डोंगरांवरून जाणाऱ्या रस्त्यावरून आहे आणि बर्फ पडला की पार्कवे बंद होतो. सप्टेंबर २०२४ च्या हेलेन वादळाने तर त्याची फारच दैना केली. तेव्हा निघायच्या आदल्या रात्री कुठले भाग उघडे आहेत ते बघाच. जाकीट दोन्हीकडे हवं, जुलैतही.

पाहुणे जूनमध्ये येणार असतील तर मी दुसरा विचारही करणार नाही. अ‍ॅशव्हिलहून मिचेलला जाताना वाटेत क्रॅगी गार्डन्स लागतं आणि महिन्याच्या मध्याला तिथले उतार जांभळ्या-गुलाबी ऱ्होडोडेंड्रॉनने भरलेले असतात. ते बघायला फारसं चालावंही लागत नाही.

बरोबर सगळे धडधाकट असतील आणि अटलांटाहून निघणार असाल, तर कुवोहीला जरूर जा. स्मोकीजच्या पायथ्याच्या चेरोकी गावात मुक्काम करा आणि सकाळी लवकर वर पोहोचा. सत्तरीतले गुडघे सोबत असतील तर, निदान आमच्या घरचा अनुभव सांगतो, गाडी मिचेलकडे वळवा. डबा बरोबर घ्या.