श्रद्धेच्या वळणावर असताना विपश्यना शिबिर: इगतपुरीच्या दहा दिवसांचं परीक्षण

विपश्यना या ध्यानपद्धतीच्या शिबिराबद्दल विचारणारे बहुतेक जण मौन झेपेल का, गुडघे धरतील का, संध्याकाळी जेवण नसतं हे खरं का, एवढंच विचारतात. पण ज्यांचा देवावरचा विश्वास डळमळला आहे, घरची पूजा हाताने होते पण मनातून उतरली आहे, किंवा जे बुद्धाकडे ओढले जात आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. तिथून परत येताना माझा धर्म तोच राहील का? हे परीक्षण त्या प्रश्नासाठी आहे. समोर इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र धरलं आहे, पण मरकळ, गोराई, नागपूर, आळते इथल्या कुठल्याही केंद्रात गेलात तरी नियम आणि वेळापत्रक तेच.

शिबिर दहा दिवसांचं असलं तरी सुट्टी बारा दिवसांची काढा. आदल्या दिवशी दुपारी पोचून नोंदणी करायची असते आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी होते. अर्ज ऑनलाइन भरायचा. प्रवचनाची भाषा, चालू असलेली औषधं आणि पूर्वीचा मानसिक आजार अर्जात खरा लिहायचा. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिर सुचवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दिवसाला दहा तासांहून अधिक बसणं, बोलणं बंद, ओळखीचं कोणी जवळ नाही, हा ताण साधा नाही. श्रद्धा तुटल्याचं दुःख आणि नैराश्याचा आजार वरून सारखेच दिसू शकतात, म्हणून शंका असेल तर आधी डॉक्टरकडे जा.

राहणं, जेवण, शिकवणं यांचे पैसे घेत नाहीत. शिबिर पुरं केल्याशिवाय दानही स्वीकारत नाहीत. धर्माच्या बाबतीत आधीच धास्तावलेल्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो, कारण कोणी आपल्याला काही विकत नाही हे पहिल्याच दिवशी कळतं.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या संध्याकाळी पंचशील, म्हणजे आचरणाचे पाच नियम, घेताना पालीत त्रिशरणही (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्याचे शब्द) म्हणावं लागतं. बुद्ध या व्यक्तीला शरण न जाता बोधीच्या, म्हणजे जागृतीच्या गुणाला शरण जायचं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. स्पष्टीकरण प्रामाणिक आहे, तरी महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या कानाला ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हटलं की 14 ऑक्टोबर 1956 ची नागपूरची दीक्षाच आठवते. दोन्हींतला फरक नीट समजून घ्या. धम्मदीक्षेत त्रिशरण-पंचशीलाबरोबर बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा असतात, जुना धर्म सोडल्याचा उच्चार असतो. शिबिरात यातलं काहीच नाही. कागदावरचा धर्म बदलत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही, नाव कुठल्या संघात जात नाही. ज्यांना धम्मदीक्षाच घ्यायची आहे त्यांची गरज इथे भागणार नाही. ज्यांना हे शब्द उच्चारणंही जड जाईल, त्यांनी अर्जाआधीच मनाशी विचार करावा. हॉलमध्ये बसल्यावर ओठ मिटून राहिलात तर दहाही दिवस तीच खंत सोबत राहते.

दुसरी अट याहून जास्त टोचते. दहा दिवस जप, माळ, स्तोत्र, उपवास, धूप-दिवा, नमाज, प्रार्थना, सगळं बंद. योगासनं आणि प्राणायामही बंद. जपमाळ, ताईत, पोथी घरीच ठेवायची. मधे एकादशी आली तरी उपवास नाही. वारकरी घरातल्या माणसाला हे फार लागतं. गळ्यातल्या तुळशीच्या माळेचं काय करायचं, हे अर्ज करतानाच केंद्राला विचारून घ्या, दारात वाद नको. या बंदीमागचं कारण मात्र पटण्यासारखं आहे. नामजपाने मन लवकर एकाग्र होतं, पण शब्दाच्या लाटेखाली शरीरावरच्या बारीक संवेदना झाकल्या जातात, आणि इथे त्याच पाहायच्या असतात. लपून जप करणारे साधक याच जागी फसतात. त्यांना शांत वाटतं, पण पद्धतीची परीक्षा होत नाही, आणि परत आल्यावर ‘आपलं नामच बरं’ किंवा ‘विपश्यना खोटी’ असा निकाल ते पुराव्याशिवाय देतात.

दिवस पहाटे 4 च्या घंटेने सुरू होतो, साडेचारला बैठक. नाश्ता साडेसहाला, जेवण 11 ला, संध्याकाळी 5 ला चहा आणि थोडं खाणं. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, तेव्हा फक्त लिंबूपाणी. 7 ला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास फक्त जाणायचा. लक्ष हळूहळू नाकपुड्यांखाली, वरच्या ओठावरच्या छोट्याशा जागेत आणायचं. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात, डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जाणं. त्यानंतर रोज 8, अडीच आणि 6 वाजता तासभर अधिष्ठान: डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत.

वळण आलं तर इथेच येतं. गुडघ्याची कळ चाळिसाव्या मिनिटाला असह्य होते आणि पाहता पाहता तिचा बाज बदलतो. ‘सगळं अनित्य आहे’ हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं असतं, तेच आता अंगावर कळतं. कोणाला वाटतं, यात देवाची गरजच पडली नाही. कोणाला तुकोबांचे अभंग नव्याने उमगतात. दोन्ही होतं. धोका असतो तो अंगभर झिणझिण्या वाहू लागल्या की त्याला साक्षात्कार समजण्याचा. मग पुढच्या प्रत्येक बैठकीत माणूस तेच शोधतो, ते मिळत नाही, आणि सहाव्या दिवशी सामान बांधायला निघतो. दुसरा आणि सहावा दिवस असे जड जाणार हे धरूनच जा.

प्रवचनं सत्यनारायण गोयंका यांची, ध्वनिमुद्रित. त्यांचं स्वतःचं वळण या विषयाशी थेट जोडलेलं आहे. ब्रह्मदेशातल्या मंडालेत 1924 साली सनातनी मारवाडी घरात जन्म, तीव्र डोकेदुखीवर मॉर्फिनची इंजेक्शनं, आणि 1955 मध्ये विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे जाताना मनात हीच भीती, की आपला धर्म तर बुडणार नाही ना. 1969 मध्ये ते भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. म्हणूनच भाविक श्रोत्याची अडचण त्यांना आतून ठाऊक होती. पण पूर्वजन्म, संस्कार (मनावर साचलेले ठसे), बुद्धाच्या कथा प्रवचनात भरपूर येतात. नास्तिक माणूस तिथे अडखळतो. न पटणारं बाजूला ठेवून साधना करा, असं सांगितलं जातं, आणि तसं करता येतं.

सर्वांत मोठी उणीव इथेच आहे. श्रद्धेबद्दल बोलायला जागा नाही. दुपारी 12 ते 1 सहायक आचार्यांना एकट्याने भेटता येतं, रात्री 9 ला हॉलमध्ये प्रश्न विचारता येतात, पण उत्तरं साधनेपुरती आणि थोडक्यात मिळतात. ‘मग ईश्वर आहे की नाही’ यावर चर्चा होत नाही. लिहायला कागद-पेनही नसतं. त्यामुळे आपले प्रश्न घरीच वहीत लिहून ठेवा आणि परत आल्यावर तीच वही उघडा. आधीचे आणि नंतरचे प्रश्न शेजारी शेजारी दिसले की काय बदललं ते नेमकं कळतं.

बदल झाला असं वाटलं तरी निदान तीन महिने देवघर हलवू नका, घरच्यांना शिकवू नका, कुठली घोषणाही करू नका. दहाव्या दिवशी मंगल मैत्रीनंतर, म्हणजे सर्वांचं भलं चिंतण्याच्या ध्यानानंतर, मौन सुटतं आणि उत्साह फार चढलेला असतो, तो ओसरू द्या. या काळात सांगितल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ तासतासभर बसा. तेवढं जमलं नाही तर निदान सकाळचा तास सोडू नका. त्या काळात घरची पूजा जुन्याच पद्धतीने चालू द्या, फक्त बैठकीत जप मिसळू नका.

इगतपुरीसाठी जाडी शाल, साधे सैल कपडे, पावसाळ्यात जास्तीचे जोड आणि छत्री लागतेच. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत. गुडघ्याचा त्रास असेल तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागा, सहाव्या दिवसाची वाट पाहू नका. परतीचं तिकीट सकाळी दहानंतरच्या गाडीचं काढा, कारण निघण्याआधी खोली झाडून द्यायची असते आणि ठेवायला दिलेला फोन, पाकीट परत घ्यायला रांग लागते.