दुहेरी काचेची खिडकी: किंचाळी गेली, घरघर राहिली

धावपट्टी वाढली आणि विमानं थेट आमच्या गच्चीवरून उतरायला लागली. शेवटी झोपायच्या खोलीला दुहेरी काचेची खिडकी बसवून घेतली. एक काच ६ मिलिमीटरची, दुसरी १० ची. जाडी वेगळी असली की दोन्ही एकाच सुरात थरथरत नाहीत. पहिल्या रात्री फरक शून्य! कारागिराने चौकटीखाली नखभर फट तशीच सोडली होती. सिलिकॉन भरल्यावर किंचाळी गेली. घरघर मात्र भिंतीतून येतेच, कपाटातल्या वाट्या अजून किणकिणतात. आणि वाऱ्यासाठी खिडकी उघडली की पैसे पाण्यात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, रात्री विमानांचा सरासरी आवाज ४० डेसिबलखाली ठेवा. पहाटेच्या मालवाहू विमानाला हे कोण सांगणार? पाचपैकी तीन तारे, त्यातला एक सिलिकॉनला.