ट्वीटर कंपनीच्या जागेत बसवावा की पिलरवर?

गाडीचे ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारे छोटे स्पीकर, बदलायचे ठरले की दुकानात सगळी चर्चा ब्रँडवर आणि वॉटवर होते. माझं मत विचाराल तर आधी जागा ठरवा, मग ब्रँड. तीन-चार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा असतो. ज्या दिशेला तोंड, तिकडेच तो स्वच्छ पोचतो. म्हणून महागडा ट्वीटर चुकीच्या कोनात बसला तर स्वस्तातल्यापेक्षाही वाईट वाजू शकतो.

ठाणे-नवी मुंबईतल्या दुकानांत साधारण तीन पर्याय समोर येतात. दाराचे स्पीकर तसेच ठेवून कंपनीच्या जागेत, म्हणजे गाडीसोबत आलेल्या मूळ जागेत, फक्त ट्वीटर बदलणं, त्याच जागेत पूर्ण कंपोनंट सेट बसवणं, किंवा ए-पिलरवर, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर, वेगळा पॉड (ट्वीटर बसवायची छोटी डबी) करून घेणं.

फक्त ट्वीटर बदलणं सगळ्यात स्वस्त आणि तासाभराचं काम. पण त्यातली खरी अडचण कंपनीचा ट्वीटर काढून उलटा धरला की दिसते. बऱ्याच गाड्यांत त्याच्या पाठीलाच एक छोटा कपॅसिटर सोल्डर केलेला असतो. खालचे सूर अडवून ट्वीटरला वाचवणारा तेवढाच एक भाग. जुना ट्वीटर काढला की तोही जातो, आणि घाईत नवा ट्वीटर थेट वायरला जोडला तर बासचा सगळा मार त्याच्या नाजूक कॉइलवर येतो. आवाज वाढवल्यावर ती जळायला वेळ लागत नाही. त्यामुळे नव्या ट्वीटरसोबत त्याचा स्वतःचा कपॅसिटर किंवा क्रॉसओव्हर (कुठले सूर कुठल्या स्पीकरला जायचे ते वाटून देणारा फिल्टर) आलाय ना, हे डबा उघडून बघा.

कपॅसिटरची किंमतही बघून घ्या, म्हणजे मायक्रोफॅरडमधली. 4 ओहमच्या ट्वीटरला 4.7 मायक्रोफॅरड लावला तर तो साधारण साडेआठ किलोहर्ट्झपासून वर वाजतो, 10 लावला तर चार किलोहर्ट्झपासूनच. कंपनीचे दाराचे स्पीकर अनेकदा कुठलाही फिल्टर न लावता पूर्ण वाजतात. त्यावर खालपर्यंत उतरणारा ट्वीटर चढवला की दोघे एकाच पट्ट्यात ओरडतात आणि गायकाचा ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतो. अशा वेळी कमी मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे सुटे कपॅसिटर सहज मिळतात. नॉन-पोलराइज्ड, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, म्हणून सांगून घ्या.

कंपोनंट सेटमध्ये दाराचा वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर), ट्वीटर आणि क्रॉसओव्हर एकमेकांसाठीच बनवलेले असतात, त्यामुळे वरची भानगड उरत नाही. बहुतेकांसाठी मी हाच पर्याय सुचवेन. एकच गोष्ट आपल्याकडे जपायची, ती म्हणजे पाऊस. काच खाली-वर होते त्या पट्टीतून दाराच्या आत पाणी जातंच आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीतच धरलेलं असतं. म्हणून आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाडला आणि परत नीट चिकटवला नाही, तर जुलैत पायाखालचं कार्पेट ओलं झालेलं दिसेल. क्रॉसओव्हरचा डबा दारात न टाकता डॅशच्या खाली, कोरड्या बाजूला बसवायला सांगा. वायर थोडी जास्त लागते, लागू द्या.

आता कंपनीच्या जागेबद्दल. ती दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. आरशाच्या मागच्या त्रिकोणातली जागा चांगली, कारण ट्वीटरचं तोंड थोडंफार आत, माणसांकडे असतं. डॅशच्या कोपऱ्यात जाळीखाली असेल तर तोंड वर, थेट काचेकडे. तिथला आवाज काचेवर आपटून येतो, स्टेज (गाणं समोर पसरल्यासारखं वाटतं ते) उंच आणि रुंद वाटतं, पण धातूच्या डोमचा, म्हणजे मधल्या थरथरणाऱ्या घुमटाचा, ट्वीटर असेल तर तो फार चरचरीत होतो. डॅशसाठी सिल्क डोम घ्या, आणि क्रॉसओव्हरवर ट्वीटरचा आवाज 2-3 डेसिबल कमी करायची सोय असेल तर ती वापरा. आकारही मोजून घ्या. 25 मिलिमीटर हे फक्त डोमचं माप, बाहेरची कडा आणि चुंबकाची खोली धरून जाळीखाली तो मावेलच असं नाही. खालच्या व्हेरिएंटमध्ये जाळी असते पण आत वायरच नसते, असंही होतं. पैसे देण्याआधी ट्रिम उघडून दाखवायला सांगा.

पिलर पॉडचा आवाज तिन्हींत सगळ्यात चांगला होऊ शकतो, हे मान्य. कोन हवा तसा मिळतो. पण आपण उजवीकडे बसतो. उजवा ट्वीटर कानाजवळ, डावा दोनेक फूट जास्त लांब, म्हणजे डावीकडचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा येतो. पिलरवर हा फरक जास्त जाणवतो, आणि तो भरून काढायला टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडायची सोय) असलेला स्टिरिओ किंवा डीएसपी (हेच काम करणारा वेगळा डबा) लागतो. ते बजेट नसेल तर पॉडच्या नादी लागू नका. आणि पिलरच्या आत कर्टन एअरबॅग (अपघातात बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर विषय तिथेच संपवा. एअरबॅगच्या वाटेत ना पॉड हवा, ना वायर. दुकानदार ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तरीही.

गाडीत कंपनीचीच ब्रँडेड सिस्टिम वेगळ्या अँप्लिफायरसह असेल तर सुटा ट्वीटर बदलू नका. तिथलं ट्यूनिंग त्याच स्पीकरसाठी केलेलं असतं.

काहीही बसवलंत तरी वायर कापू देऊ नका. बऱ्याच मॉडेलचे तयार कपलर (वायर न कापता जोडणारे प्लग) बाजारात मिळतात. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेल्या वायरवरून सर्व्हिस सेंटरमध्ये वाद होतो.

ट्रिम बंद होण्याआधी, स्टिरिओचा ट्रेबल शून्यावर ठेवून, टाळ असलेला एखादा अभंग लावा. मग एकदा दोन्ही ट्वीटरची प्लस-मायनस उलटी करून तोच भाग परत ऐका. ज्या जोडणीत गाणाऱ्याचा आवाज भरीव येतो आणि टाळ त्याच्यापासून सुटे ऐकू येतात, ती ठेवा.