हरभरे नुसते भिजवावेत की मोड आणावेत?

मूग-मटकी आज सकाळी भिजवली की उद्या सकाळी मोड हातात येतात. हरभऱ्याला त्याहून जास्त वेळ लागतो, थंडीत तर चांगले दोन दिवस. म्हणून बऱ्याच घरांत हरभरा रात्री भिजत पडतो आणि सकाळी थेट कुकरमध्ये जातो. मग कोणीतरी सांगतं, "मोडाचे खा, त्यात प्रोटीन दुप्पट असतं," आणि रोजचा स्वयंपाक करणाऱ्याला प्रश्न पडतो की हा जास्तीचा दिवस खर्च करावा का. माझ्या मते करावा, पण प्रोटीनच्या आशेने करू नये. मोडांमुळे पचनात, शिजण्यात आणि चवीत फरक पडतो. तो कुठल्या पदार्थात कामाला येतो आणि कुठल्यात वाया जातो, यावर निर्णय घ्यावा.

आधी प्रोटीनचा हिशोब मिटवून टाकू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकात १०० ग्रॅम कोरड्या अख्ख्या हरभऱ्यात सुमारे १९ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे २५ ग्रॅम तंतुमय घटक दिले आहेत. हेच १०० ग्रॅम हरभरे रात्रभर भिजले की वजनाला जवळपास दुप्पट होतात आणि मोड येईपर्यंत आणखी थोडं पाणी पितात. दाण्यातली प्रथिनं तेवढीच राहतात, वाढतं ते पाणी. म्हणजे १०० ग्रॅम मोड तराजूत टाकले तर त्यात आठ-नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतील. उगवताना दाणा स्वतःतला थोडा पिष्टमय भाग वापरून टाकतो, त्यामुळे पाणी वजा करून मोजलं तर प्रथिनांचं प्रमाण किंचित वर गेलेलं दिसतं. "दुप्पट"ला आधार तेवढाच. आणि मोड आले म्हणून बी-१२ तयार होतं, हे तर साफ चुकीचं आहे.

मग मोडांनी होतं काय? उगवायला लागलेला दाणा आपला साठा सोडवायला घेतो. त्यासाठी त्याच्यात जी विकरं (एन्झाइम) जागी होतात, त्यातलं एक फायटिक आम्ल फोडतं. हे आम्ल लोह आणि जस्ताला धरून ठेवतं आणि आपल्या आतड्याला ते शोषू देत नाही. मोडाच्या हरभऱ्यात ते कमी झालेलं असतं, म्हणून दाण्यात लोह तेवढंच असलं तरी अंगी जास्त लागतं. दुसरा बदल पोटाला लगेच कळतो. रॅफिनोज, स्टॅकिओज अशा ज्या साखरा आपल्याला पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यात जाऊन वायू करतात, त्या उगवताना बऱ्याच खर्ची पडतात. भिजवलेलं पाणी फेकून दिलं की त्यातल्या काही तशाही जातात, पण मोडांत त्याहून जास्त कमी होतात. हरभरा खाल्ला की पोट डब्ब होतं अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी तो सोडून देण्याआधी मोड आणून, नीट शिजवून आणि थोड्या प्रमाणात खाऊन पाहावा.

तिसरा बदल क जीवनसत्त्वाचा. कोरड्या कडधान्यात ते जवळजवळ नसतंच, मोड येताना तयार होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं यावर काम केलं होतं. ताजी भाजी-फळं न मिळणाऱ्या सैनिकांना स्कर्व्ही होत असे आणि मोड आणलेली कडधान्यं त्यावर उपयोगी पडतात, हे त्यांनी दाखवून दिलं. आज घरात लिंबू, पेरू, आवळा, कोथिंबीर असताना फक्त क जीवनसत्त्वासाठी मोड आणायची गरज नाही. शिवाय शिजवताना ते बरंचसं नष्ट होतं. लोहासाठी करायची सोपी गोष्ट अशी की उसळ भिजवलेल्या हरभऱ्याची असो वा मोडाची, पानात आल्यावर वरून लिंबू पिळावं आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. अशक्तपणा असलेल्या बाईला मोडांच्या आधी मी हे सांगेन.

एका बाबतीत दोन्ही सारखेच आहेत. हरभऱ्यात लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि मेथिओनिन कमी, धान्यांचं बरोबर उलट. त्यामुळे भाकरी-उसळ किंवा पोळी-उसळ ही जोडी प्रथिनांच्या दृष्टीने पक्की आहे, मोड असोत-नसोत.

कुकरपाशी मात्र फरक लगेच दिसतो. नुसत्या भिजवलेल्या काळ्या हरभऱ्याला चार-पाच शिट्ट्या लागतात, जुना माल असेल तर जास्तच. बोअरचं जड पाणी असेल तर तो अजून हट्टाला पेटतो. मोडाच्या हरभऱ्याचं एक-दोन शिट्ट्यांत भागतं. कढईत केली तर वर ताट ठेवून ताटात पाणी घालायचं आणि मंद आचेवर वाफ द्यायची. पंचवीस-तीस मिनिटांत दाणा दाताखाली दबतो. मटकीसारखा तो पाच-सात वाफांत मऊ होईल अशी अपेक्षा ठेवू नये. चिंच, आमसूल, टोमॅटो असं आंबट काहीही दाणा शिजल्यावरच घालायचं, आंबटात हरभरा दडदडीत राहतो. लवकर शिजावा म्हणून खायचा सोडा टाकायची सवय असेल, तर ती मोडांमुळे सुटते. सोड्याने दाणा मऊ होतो, पण ब-१ जीवनसत्त्व जातं, आणि चवही साबणासारखी लागते.

आता पदार्थ. माझ्या मते सगळा निर्णय इथे आहे.

घरच्या सुक्या किंवा अंगासरशी रस्सा असलेल्या उसळीला मोडाचे हरभरे घ्यावेत. मोड आल्यावर दाण्यात हलका गोडवा येतो आणि गोडा मसाला, गुळाचा खडा, ओलं खोबरं यांच्याशी तो छान जमतो. फोडणीत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हवा तर कांदा. मोड घालून परतायचे, वाफ काढायची, मग मसाला आणि गूळ, शेवटी आमसूल. मूठभर दाणे डावाने ठेचून परत त्यातच मिसळले की रस मिळून येतो, वेगळं वाटण लागत नाही. कोशिंबिरीसारखं गार काही करायचं असेल, तरी मोडाचेच बरे: वाफवून गार केलेले मोड, कांदा, काकडी, कच्ची कैरी, लिंबू आणि मीठ.

नागपूरच्या तर्री-पोह्यांना मात्र मोड आणू नयेत. त्या तर्रीत काळा हरभरा तासभर झणझणीत रश्शात उकळत राहतो. दाणा अख्खा राहायला हवा आणि त्याचं काळपट कळण रश्शात उतरायला हवं. मोडाचा दाणा इतक्या उकळण्यात सालं सोडतो, सालं वर तरंगतात आणि तर्रीचं रूप बिघडतं. छोल्यांचंही तसंच. गोव्याकडचं तोणाक किंवा मालवणी वाटपातली चण्याची आमटी भाजलेल्या खोबऱ्याच्या आणि मसाल्याच्या जोरावर उभी असते. त्यात मोडांचा नाजूक गोडवा कळतही नाही. अशा वेळी रात्री भिजवून सकाळी शिजवायचं, उगाच दोन दिवस थांबू नये. वाटून करायच्या कटलेट-कबाबांनाही भिजवून शिजवलेलाच हरभरा घ्यावा. मोडांचं वाटण ओलसर होतं आणि बांधायला पीठ जास्त लागतं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात. पन्हं आणि आंब्याची डाळ जागेवरच संपते, पण घरोघरच्या ओट्यांचे हरभरे साठत जातात. ते फ्रीजमध्ये न कोंबता एकदा धुऊन, निथळून फडक्यात बांधून ठेवावेत. चैत्राच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी त्यांना मोड येतातच. कोणी हळद-कुंकू लावून दिलेले असतील, तर मात्र चांगले तीन-चार पाण्यांनी धुवावेत.

काळा की काबुली, हा प्रश्न मोडांच्या बाबतीत मला अवघड वाटत नाही. मोडांसाठी काळा, म्हणजे आपला गावरान, लहान, तपकिरी हरभरा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले विजय, दिग्विजय हे वाण याच जातकुळीतले. साल जाड असल्यामुळे त्यात तंतू जास्त, दाणा भिजल्यावरही धड राहतो, आणि मोड चोचीपाशी पांढरा शुभ्र फुटताना दिसतो. काबुलीचं साल पातळ, दाणा मोठा. तो भिजून टच्च फुगतो, त्यातले काही दुभंगतात आणि दुभंगलेला दाणा उगवण्याऐवजी बुळबुळीत होतो. काबुलीला मोड येत नाहीत असं नाही, पण शंभरातले किती वाया जातील याचा भरवसा नसतो. चव सौम्य, पोत लोण्यासारखा, त्यामुळे छोले आणि हमस यांसाठी तो उत्तम. तिथे मोडांची गरजच नाही.

मोड आणताना नेहमीचे दोन घोळ होतात. पहिला गणंगांचा. भिजवल्यानंतर जे दाणे खड्यासारखे टणक आणि लहानच राहतात, ते आधीच वेचून काढावेत. ते उगवत नाहीत, शिजत नाहीत आणि एखादा दाताखाली आला तर दाढच हलते. दुसरा घोळ पाण्याचा. भिजवून झाले की पाणी फेकून दाणे रोळीत पूर्ण निथळू द्यायचे, मगच ओलसर सुती फडक्यात सैल बांधायचे. घट्ट पुरचुंडी बांधली तर मधले दाणे घुसमटतात आणि आंबूस वास सुटतो. दिवसातून दोनदा सोडून, धुऊन, निथळून परत बांधायचे. मटकी एकदा बांधली की विसरून चालते, हरभऱ्याचं तसं नाही. मोड दाण्याच्या निम्म्या लांबीचा झाला की थांबायचं. पुढे वाढू दिला तर मुळाची तुरट-कडवट चव येते. डिसेंबर-जानेवारीत पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा डब्यात ठेवून वर जाड पंचा टाकावा. एप्रिल-मे मध्ये उलट पंचाईत होते, मोड येण्याआधीच दाणा चिकट होतो. अशा दिवसांत भिजवण्याचं पाणी एकदा बदलावं, आणि तेही जमणार नसेल तर सरळ मटकी किंवा मूग घ्यावेत. मुगात प्रथिनं हरभऱ्याहून थोडी जास्तच आहेत, आणि पचायलाही ते हलके.

कच्चे मोड खावेत का, यावर माझं मत ठाम आहे: शक्यतो नको. तालमीत जाणाऱ्यांनी पहाटे भिजवलेले हरभरे गुळाबरोबर खायची रीत जुनी आहे, धडधाकट माणसाला ते मानवतंही. पण कच्च्या हरभऱ्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. मोडांनी ते थोडे घटतात, बरेचसे जातात ते शिजवल्यावरच. म्हणजे ज्या प्रोटीनसाठी कच्चं खायचं, तेच पूर्ण हाती लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. दोन दिवस उबदार, ओल्या जागेत ठेवलेल्या दाण्यावर मोडांबरोबर जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. तपासाचा माग मेथीच्या मोडांपर्यंत पोचला होता. गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर माणूस किंवा आजारातून उठलेलं कोणी घरात असेल, तर मोड वाफवूनच द्यावेत. क जीवनसत्त्व थोडं जाईल, ते लिंबाने भरून निघतं. लहान मुलांना अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकण्याची भीती असते, म्हणून मऊ शिजवून कुस्करून द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असेल आणि डॉक्टरांनी कडधान्यांवर मर्यादा घातली असेल, तर ती मोडाच्या हरभऱ्यालाही तेवढीच लागू आहे.

बाजारात पिशवीत मिळणारे तयार मोड घ्यायचे असतील तर आधी वास घ्यावा आणि पिशवीच्या तळाला पाणी साचलंय का ते बघावं. पाणी दिसलं तर घेऊ नयेत. घरचे मोड फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतात, डब्यात खाली कोरडं फडकं घालून. नोकरी सांभाळून एकहाती स्वयंपाक करणाऱ्यांनी रविवारी दोन वाट्या हरभरे एकदमच भिजवावेत. सोमवारी सकाळी त्यातले निम्मे शिजवून कळणासकट फ्रीजरमध्ये टाकायचे, ते पुढे कधीही आमटीला किंवा तर्रीला होतात. उरलेले निम्मे फडक्यात बांधायचे, त्यांची मंगळवारी रात्री उसळ.