हास्केलसाठी निक्सओएस घ्यावी का?

हास्केल ही प्रोग्रामिंगची भाषा नुसती शिकायची असेल तर उबुंटूवर जीएचसीअप (हास्केलचा कंपायलर ‘जीएचसी’ बसवून देणारं साधन) टाका आणि कामाला लागा. पण एका प्रोजेक्टला जीएचसी ९.४, दुसऱ्याला ९.८ आणि वर पोस्टग्रेस डेटाबेसच्या सी लायब्रऱ्या अशी खिचडी असेल, तर निक्सओएस या लिनक्सला तोड नाही. प्रत्येक फोल्डरचं सामान वेगळं राहतं. कोल्हापूरच्या पावसात अपडेट चालू असताना वीज गेली, तरी बूट मेनूतून मागची जनरेशन (सिस्टिमची जपून ठेवलेली आधीची अवस्था) निवडता येते.

आता खोड सांगतो. जीएचसीअपने उतरवलेला कंपायलर इथे सरळ चालत नाही, कारण तो डायनॅमिक लिंकर (प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्रऱ्या जोडणारा) ‘/लिब६४’ फोल्डरमध्ये शोधतो आणि निक्सओएसवर खरा लिंकर तिथे नसतोच. निक्स-एलडी (बाहेरच्या प्रोग्रामांना तिथे लिंकर पुरवणारी सोय) चालू करा, नाहीतर कंपायलर निक्सपॅकेजेस या निक्सच्याच पॅकेजसंग्रहातून घ्या. तोही शक्यतो डीफॉल्ट आवृत्तीचा. आडवाटेची आवृत्ती धरली की लायब्रऱ्यांच्या तयार बायनरी मिळत नाहीत आणि त्या स्वतः कंपाइल करत लॅपटॉप रात्रभर तापत बसतो. डिस्क १०० जीबी तरी ठेवा, जुन्या जनरेशन अधूनमधून झाडा.

आर्च लिनक्सवर पॅकमनचा (तिथल्या पॅकेज मॅनेजरचा) जीएचसी टाळाच. त्याची पॅकेजेस डायनॅमिक लिंकिंगची (लायब्रऱ्या चालवताना जोडणारी), पण कबाल हे हास्केलचं बिल्ड साधन मागतं स्टॅटिक (प्रोग्राममध्येच भरलेल्या). मग ‘प्रिल्यूड (हास्केलचं पायाभूत मॉड्यूल) सापडत नाही’ म्हणून रडगाणं सुरू. तिथेही जीएचसीअपच बरा.