हर्बल चहाचे आठ महिने: पोट हलकं झालं, पण कशामुळे?

आठ महिन्यांपूर्वी 'शरीरशुद्धी'चा हर्बल चहा सुरू केला तेव्हा माझ्या तक्रारी साध्याच होत्या. जेवल्यावर पोट फुगायचं, सकाळी पोट नीट साफ व्हायचं नाही आणि दुपारी अंग जड पडायचं. डॉक्टरांकडे जावं असं काही वाटत नव्हतं, आणि पाकिटावर 'सौम्य' असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. मी आजही रोज हर्बल चहा पिते, पण तो पहिल्या महिन्यातला चहा नाही.

त्या पाकिटात दोन प्रकारच्या पिशव्या होत्या, एक सकाळची आणि एक रात्रीची. पहिल्या आठवड्यात वजन दीड किलोने उतरलं, पोट सपाट वाटायला लागलं. मी खूश होते, ताईलाही फोन करून सांगितलं. मग पहाटे पोटात कळ येऊन जाग यायला लागली. रोज तीच वेळ, तशीच मुरडा मारणारी कळ, आणि मग धावपळ. 'आतली घाण निघतेय, थोडा त्रास होणारच' अशी मीच माझी समजूत काढत होते. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्यांत गोळे यायला लागले, तेव्हा मात्र पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. रात्रीच्या पिशवीत पहिलंच नाव होतं सोनामुखी.

सोनामुखी म्हणजे सरळ सरळ रेचक. तिच्यातली द्रव्यं मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे बदलतात, मग आतड्याची हालचाल वाढवतात आणि पाणी शोषलं जाऊ देत नाहीत. परिणाम दिसायला 6 ते 12 तास लागतात. माझा रात्री दहाचा कप आणि पहाटेची कळ, हिशेब बरोबर जुळला. बद्धकोष्ठासाठी चार दिवस घेण्याचं हे औषध मी जवळपास तीन आठवडे रोज चहा म्हणून पीत होते. जुलाबातून पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, आणि पोटातून घेतलेली औषधं, अगदी गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा, नीट शोषली न जाण्याची भीती असते. दीड किलो वजन म्हणजे निव्वळ पाणी होतं. चहा थांबवल्यावर पाच दिवसांत ते परत आलं. त्यानंतरचा आठवडा वाईट गेला, कारण पोट अजिबातच हलेना. शेवटी डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी मला न रागावता समजावलं. मूत्रपिंडं दिवसाला जवळपास 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं शरीरात परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. नको ती द्रव्यं मोडायचं काम यकृत करतं. ही सफाई रात्रंदिवस चालूच असते, तिला चहाची गरज लागत नाही. ऐकून मी थोडी हिरमुसले. पण मग चहा सोडायचा का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "प्या की. फक्त कपात काय पडतंय ते माहीत असू द्या."

तेव्हापासून मी सुटे जिन्नस आणते. जेवणानंतर बडीशेप आणि आलं. बडीशेप अख्खी टाकली तर नुसतं पिवळसर पाणी होतं. खलबत्त्यात दोन-तीन ठोके देऊन दाणा फुटला की मग वास सुटतो. उकळतं पाणी ओतून कपावर बशी झाकायची आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. बशी उचलली की तिच्या खालच्या बाजूला थेंब जमलेले असतात, ते मी परत कपात झटकते. सगळा सुगंध, म्हणजे उडून जाणारं तेल, त्यातच असतं. पूर्वी उघड्या कपात पिशवी बुडवून मी तेच वाफेबरोबर घालवत होते. पोट फुगणं खरोखर कमी झालं ते या कपाने, आणि त्यालाही तीन आठवडे लागले.

पुदिन्याचं माझं जमलं नाही. पुदिना आतड्याचे स्नायू सैल करतो तसा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडपही सैल करतो, त्यामुळे आम्लपित्तवाल्यांची जळजळ वाढते. माझी वाढली. संध्याकाळच्या कॉफीच्या जागी कॅमोमाईल, म्हणजे त्या नावाच्या फुलांचा चहा घेते, झोप सुधारली आहे. श्रेय कॅमोमाईलचं की कॉफी सुटल्याचं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कॉफीतलं निम्मं कॅफिन उतरायलाच पाचेक तास लागतात, तेव्हा मला तरी दुसरंच जास्त पटतं.

ज्येष्ठमधाबद्दल मात्र कळकळीने सांगते. चवीला गोड म्हणून मी ते रोज घालत होते आणि ताईलाही तेच मिश्रण पाठवणार होते. ताईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटतं, हे पुडी बांधायच्या आधी वाचनात आलं म्हणून बरं. तिला नुसती बडीशेप पाठवली. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी कॅमोमाईलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. गरोदरपणात तर कुठलंच मिश्रण आपल्या मनाने नको.

आता सकाळी पोट साफ होतं. पण या महिन्यांत माझं पाणी पिणं दुपटीने वाढलंय आणि गोड पेयं जवळपास बंद झालीत, तेव्हा यात चहाचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही. दुपारचा जडपणा कुठल्याच कपाने गेला नाही. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, आणि ग्रीन टी जेवणाबरोबर घेत होते तो आता दोन जेवणांच्या मधे घेते, कारण त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अडवतं. पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे.